हौदा, अंबारी आणि पिकअपवरचे बिऱ्हाड

तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे गाव. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. इथून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ उत्तरेला तुळजापूर, धाराशिव, बीडकडे निघतो आणि दक्षिणेला सोलापूर ओलांडून विजापूरला पोचतो. कोजागिरीच्या सुमारास याच रस्त्याने सोलापुरातून हजारो माणसे तुळजाभवानीच्या दर्शनाला चालत जातात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्यांची वाहने दिसू लागतात. आणि जिलकाद महिना आला की गुलबर्ग्याच्या हजरत ख्वाजा बंदानवाज यांच्या उरुसाला निघालेले टेम्पो आणि पिकअप सोलापूरच्या दिशेने धावू लागतात.

मागच्या उरुसाआधी इथल्या रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगच्या दुकानासमोर मी थांबलो होतो. समोर एक पिकअप उभी होती, तिचे तिन्ही फाळके काढलेले. शेजारी चार ड्रमवर लोखंडी अँगल आणि प्लायवूडची एक खोली ठेवली होती. एक दार, जाळीची एक खिडकी, आत एक बाज आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली मोरी. पिकअपच्या मालकाला आपल्या अम्मीला गुलबर्ग्याला न्यायचे होते. तीन दिवसांचा मुक्काम. अम्मीचे गुडघे गेलेले. गर्दीत आडवे व्हायला जागा नाही, वजूला पाणी नाही, बाथरूमसाठी लांबच लांब रांग. या त्रासाला घाबरून त्या काही वर्षे गेल्याच नव्हत्या. म्हणून मुलाने हा खटाटोप मांडला होता.

मिस्त्रीने खोलीभोवती एक फेरी मारली आणि तीन प्रश्न विचारले. "भाई, वजन किती केलंय हिचं? बांधणार कशाला? आणि गाडी चालताना आत कोण बसणार?"

मालकाला एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही.

गाडीच्या पाठीवर घर बसवण्याची ही कल्पना आपल्याला परदेशी वाटते. अमेरिकेत अशा खोलीला ट्रक कॅम्पर म्हणतात. आपल्याकडे कॅम्पर म्हटले की दोन रांगांची बोलेरो कॅम्पर डोळ्यासमोर येते, ती वेगळी. पण प्राण्याच्या किंवा गाडीच्या पाठीवर खोली चढवून प्रवास करण्याचा आपला अनुभव शेकडो वर्षांचा आहे. मिस्त्रीचे तिन्ही प्रश्न त्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांचे उत्तर चुकले तेव्हा काय झाले हेही तिथे नोंदलेले आहे.

शब्दांनी केलेला प्रवास

ट्रक, टेम्पो, पिकअप यांच्या मागच्या भागाला आपण हौदा म्हणतो. वर्तमानपत्रातही "ट्रकच्या हौद्यातून" असेच छापून येते. अरबी भाषेत 'हौदज' म्हणजे उंटाच्या पाठीवर बांधायची, पडदे लावलेली बैठक. हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने हिंदुस्थानात आला, 'हौदा' झाला आणि उंटावरून हत्तीवर चढला. पाणी साठवायचा 'हौद' हा दुसऱ्या अरबी शब्दावरून, 'हौज'वरून आलेला. मराठीत हे दोन्ही शब्द शेजारी येऊन बसले. ट्रकच्या हौद्याला दोघांचाही अर्थ लागू पडतो. तो पाठीवर बसवलेला असतो आणि चारी बाजूंनी टाकीसारखा बंदही असतो.

हत्तीवरचा हौदा उघडा असतो. त्यावर छत आणि पडदे चढले की तिला अंबारी म्हणतात, मूळ अरबी-फारसी 'अमारी'. या हिशेबाने पिकअपच्या हौद्यावर ठेवलेली छताची खोली म्हणजे अंबारीच झाली.

'व्हॅन' हा शब्दसुद्धा आपल्याच बाजूचा आहे. फारसीतला 'कारवाँ' युरोपात जाऊन 'कॅरॅव्हॅन' झाला, इंग्रजांनी त्याचा पुढचा भाग सोडून 'व्हॅन' केली आणि ती परत आपल्याकडे आली. २००५ साली टाटांची एस ही छोटी मालगाडी बाजारात आली. तिला लोकांनी नाव दिले 'छोटा हत्ती'. हौदा ज्याच्या पाठीवर होता तो हत्ती लोकभाषेने असा परत आणला.

उंटावरचा हौदज

हौदजचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग मुस्लिम वाचकांना माहीत आहे. हिजरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेला परतत होते. हजरत आयेशा (रजि.) बरोबर होत्या. पडद्याचा आदेश आलेला असल्याने त्या हौदजमध्ये बसून प्रवास करीत. मुक्कामाच्या ठिकाणी हौदज त्यांच्यासह खाली उतरवला जाई आणि निघताना त्यांच्यासह उचलून उंटावर बांधला जाई. एका मुक्कामी त्या गरजेपुरत्या दूर गेल्या होत्या. परतल्यावर गळ्यातला यमनी मण्यांचा हार पडल्याचे लक्षात आले, म्हणून तो शोधायला पुन्हा गेल्या. निघण्याचा हुकूम आधीच झालेला होता. हौदज उचलणाऱ्यांनी तो नेहमीप्रमाणे उचलला, उंटावर बांधला आणि काफिला चालू लागला. त्या आत नाहीत हे कोणालाच कळले नाही. पुढे हा प्रसंग सांगताना हजरत आयेशांनीच त्याचे कारण दिले आहे. त्या काळी स्त्रियांचा आहार कमी, अंग हलके, आणि त्या तर वयाने लहान. त्यामुळे हौदजच्या वजनातला फरक उचलणाऱ्यांना जाणवला नाही.

त्या परत आल्या तेव्हा मुक्काम रिकामा होता. तिथेच थांबल्या. काफिल्याच्या मागून येणारे हजरत सफवान बिन मुअत्तल (रजि.) यांनी त्यांना पाहिले, आपला उंट बसवला, त्यांना त्यावर बसवून स्वतः लगाम धरून पायी चालत काफिल्यापर्यंत आणले. त्यावरून अब्दुल्ला बिन उबई आणि इतरांनी जे किटाळ उठवले, ते महिनाभर मदिनेत फिरत राहिले. शेवटी सूरह नूरमधील आयती उतरल्या. त्यांनी हजरत आयेशांचे निर्दोषत्व जाहीर केले आणि साक्षीदारांशिवाय कोणा स्त्रीवर आरोप करणाऱ्यांना खोटे ठरवले.

या घटनेची चर्चा आपण बदनामी आणि अफवा या अंगाने करतो, आणि ते योग्यच आहे. पण तिची सुरुवात वाहतुकीच्या एका साध्या चुकीतून झाली. उचलणारे कसबी होते, बांधणी पक्की होती, हेतूही वाईट नव्हता. पडद्याची अदब होती. फक्त वजन अंदाजाने धरले गेले आणि आत कोण आहे हे विचारले गेले नाही. बंद खोली पाठीवर चढली की बाहेरच्याला खोलीच दिसते, आतले माणूस दिसत नाही.

अकबराचा चालता हमाम

खोली गाडीवर बसवण्याचा हिंदुस्थानातला एक जुना लेखी दाखला 'आईन-ए-अकबरी'त आहे. अबुल फजल सांगतो, बादशाहने एक मोठी गाडी बनवून घेतली. ती एक हत्ती ओढी आणि तिच्यात अनेक न्हाणीघरे मावत. म्हणजे प्रवासातला हमाम. ती बैलांनाही सहज ओढता येई. त्याच ठिकाणी आणखी एका गाडीचा उल्लेख आहे. ती माणसे किंवा ओझे वाहता वाहता धान्यही दळत असे. चालत्या जात्याच्या अशा गाडीचे श्रेय समकालीन इतिहासकार निजामुद्दीन अहमद यांनी मीर फतहुल्लाह शिराजी यांना दिले आहे. हे शिराजी मूळ इराणचे, पण अकबराकडे जाण्यापूर्वी विजापूरच्या अली आदिलशाह पहिला याच्या दरबारात होते. १५८० मध्ये सुलतानाची हत्या झाल्यावर ते १५८३ साली उत्तरेत गेले. तामलवाडीचा हा रस्ता ज्या विजापूरला जातो, तिथला हा विद्वान.

पण चाकांवरचे न्हाणीघर हा अपवाद होता. मुघल छावणीचा खरा नियम म्हणजे रोज उभारायचे आणि रोज मोडायचे घर. आईनच्या हिशेबाने शाही मुक्कामाचे सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. शिवाय १,००० फर्राश, ५०० बेलदार, १०० भिश्ती, ५० सुतार, तंबू शिवणारे व मशालजी, ३० चर्मकार आणि १५० झाडूवाले. तंबूंचे दोन संच असत. बादशाह एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढे जाऊन उभा राही, त्याला पेशखाना म्हणत.

हे सगळे आपल्या परिसराने जवळून पाहिले आहे. औरंगजेबाची छावणी १६८५ मध्ये सोलापूरला होती, तिथून विजापूरचा वेढा चालवला गेला आणि १६८६ मध्ये ते शहर पडले. पुढे १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढ्याजवळ भीमाकाठी ब्रह्मपुरीला बादशाहचा तळ होता. त्याने त्या जागेला इस्लामपुरी नाव दिले. माचणूरचा किल्ला त्याच काळातला. हिंदुस्थानचा बादशाह आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दकनमध्ये बहुतेक तंबूतच राहिला.

चालत्या घराचे हे दोन प्रकार झाले. तंबू रोज उतरवावा लागतो. हमामाची गाडी कायम हमामच राहते, तिच्यातून ज्वारी नेता येत नाही. पिकअपवरची खोली हा तिसरा प्रकार, हौदजच्या जातीचा. हवी तेव्हा चढवा, काम झाले की उतरवा. उरूस तीन दिवसांचा असतो. पिकअपला वर्षभर कांदा आणि द्राक्षे वाहायची असतात. शेतकऱ्याला परवडेल ते हेच.

रिकामी अंबारी

हत्तीवरच्या अंबारीने दोन मोठ्या लढायांचा निकाल लावायला हातभार लावला. २९ मे १६५८ रोजी सामूगढला दारा शिकोह हत्तीवर होता. लढाई ऐन रंगात असताना तो हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. सैनिकांनी वर पाहिले तर हौदा रिकामा. शहजादा पडला असे समजून फौज उधळली. मुल्लांसाठी आणि पंडितांसाठी सारखेच दार उघडे ठेवणारा वारस तख्ताला मुकला.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तेच घडले. विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत मिसळले. भाऊंची अंबारी रिकामी दिसताच मराठी सैन्याचा धीर सुटला. इब्राहिमखान गारदी मात्र आपल्या पलटणींसह शेवटपर्यंत झुंजले आणि पकडले जाऊन मारले गेले.

हौदजच्या प्रसंगात आतले माणूस नसताना ते आहे असे धरले गेले. इथे माणूस जिवंत असताना तो गेला असे धरले गेले. दोन्ही वेळी लोकांनी खोलीवरून माणसाचा अंदाज बांधला.

वजन, तोल, बांधणी

आता मिस्त्रीच्या पहिल्या दोन प्रश्नांकडे येऊ. म्हैसूरच्या दसऱ्यात हत्तीच्या पाठीवर जी सोन्याची अंबारी चढते, तिचे वजन ७५० किलोच्या आसपास सांगतात. 'छोटा हत्ती' बाजारात आला तेव्हा त्याची क्षमताही साधारण पाऊण टनच होती. म्हैसूरचे माहूत ऐन दिवशी अंबारी चढवत नाहीत. आधी कित्येक दिवस हत्तीच्या पाठीवर नमदा आणि गादी बांधून वाळूची पोती ठेवतात, वजन हळूहळू वाढवतात आणि रोज त्याच मार्गाने फिरवतात.

पिकअपला हीच रीत लागू पडते. आरसी बुकात गाडीचे भरल्यावरचे एकूण वजन आणि रिकामे वजन लिहिलेले असते. दोहोंतला फरक म्हणजे आपली मर्यादा. त्यात खोली, बाज, अंथरुणे, गॅस सिलिंडर, भांडी, माणसे सगळे आले. पाणी तर हमखास विसरले जाते. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो. म्हणून आधी रिकामी गाडी काट्यावर न्यावी, मग खोली चढवून पुन्हा न्यावी. पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळी काट्यावर घेतली तर तोलही कळतो.

तोलाचा नियम असा, की खोलीच्या वजनाचा मध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे, केबिनच्या बाजूला पडला पाहिजे. तो आसाच्या मागे गेला तर गाडीचे नाक हलके होते, स्टेअरिंग हातात राहत नाही आणि ब्रेक नीट लागत नाहीत. पाण्याची टाकी आणि बॅटरी पुढे आणि तळाशी ठेवावी. छतावर जड सामान ठेवले की वळणावर गाडी कलते.

बांधणीबाबत अबुल फजलने दिलेली हत्तीच्या साजाची यादी वाचण्यासारखी आहे. मानेभोवती कलावा नावाचे दोर, पाठ सोलू नये म्हणून खाली गदेला नावाची जाड गादी, मागे पुठ्ठ्यांवर पिछवा. गाडीलाही तेच हवे. लोखंडी खोली लोखंडी हौद्यावर नुसती ठेवली तर घसरते आणि घासते. मध्ये जाड रबरी चटई हवी, तोच गदेला. मग चारी कोपऱ्यांतून ताण. पुढचे दोन खोलीला मागे ओढणारे, मागचे दोन पुढे ओढणारे. ब्रेक लागला की खोली पुढे जाऊ पाहते, चढावर मागे. हे ताण हौद्याच्या पत्र्याला बांधायचे नाहीत, पत्रा फाटतो. खालच्या चासीला धरलेल्या मजबूत जागांनाच बांधायचे.

मालकाचा विचार खोली सरळ वेल्ड करून टाकण्याचा होता. मिस्त्रीने नकार दिला. खडबडीत रस्त्यावर चासी पिळवटते, खोली पिळवटत नाही. दोघांना एकजीव केले की काही महिन्यांत जोड तडकतात. बोल्ट आणि ताणाचे हूक असले की थोडी लवचिकता राहते. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून ते सगळे पुन्हा आवळावे लागतात, कारण रबर दबते आणि ताण सैल पडतो.

आत कोण बसणार?

तिसरा प्रश्न कायद्याचा आहे आणि माणुसकीचाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते, की नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. राहण्याजोग्या मोटर कॅरॅव्हॅनसाठी वेगळी मानके आहेत. त्यामुळे खोली बसवण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात जाऊन लेखी विचारणे हाच शहाणपणाचा मार्ग. आणि मालवाहू गाडीच्या हौद्यातून प्रवासी नेता येत नाहीत. तशी नेलेली माणसे अपघातात दगावली, तर विमा कंपनी भरपाईला बांधील नसते, असे न्यायालयांचे निकाल आहेत. उरुसाला, लग्नाला, बाजाराला हौद्यात बसून जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे कोणी सांगत नाही. अपघातानंतर कळते.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पर्यटकांसाठी चाकांवरचे घर, त्याला थांबायला जागा, वीज, पाणी. चांगली गोष्ट आहे. पण याच राज्यात धाराशिव-बीडची ऊसतोड कुटुंबे दरवर्षी चार-सहा महिन्यांचे बिऱ्हाड हौद्यात टाकून निघतात. अंथरुणे, पत्रे, भांडी, शेळी आणि त्यावर बसलेली बायका-मुले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, इथे सामान आणि माणूस एकाच ढिगात असतात. त्यांना ना तंबू, ना हमाम, ना पुढे जाऊन मुक्काम मांडणारा पेशखाना. रस्त्याने जाणाऱ्याला भरलेला हौदा दिसतो. त्यात किती माणसे आहेत, हे मोजण्याची पाळी फार वेळा ट्रक उलटल्यावरच येते. हौदजच्या प्रसंगाला चौदाशे वर्षे झाली, तरी निघण्यापूर्वी आत कोण आहे हे पाहण्याची सवय आपल्याला लागलेली नाही.

तामलवाडीतल्या त्या खोलीचे पुढे काय झाले ते सांगतो. काट्यावर वजन अंदाजापेक्षा बरेच जास्त भरले. मिस्त्रीने खोली मागून दीड फूट कापली, छताचे लोखंड कमी केले आणि पाण्याची टाकी केबिनच्या बाजूला आणली. मालक आरटीओत जाऊन आला, तिथे मिळालेल्या सूचनेप्रमाणे खोली सुटी ठेवली आणि चालत्या गाडीत तिच्यात कोणी बसायचे नाही असे ठरले. अम्मी पुढे, मुलाच्या शेजारी, पट्टा लावून बसणार. थांबल्यावर खोली त्यांची.

निघण्याच्या सकाळी मी तिथे होतो. मालकाने चारी हूक हाताने हलवून पाहिले. मग पुढचे दार उघडून अम्मी बसल्या आहेत ना ते बघितले. तरी मिस्त्री मागे गेला, खोलीचे दार उघडले आणि आत डोकावला. बाजेखाली मालकाचा सहा वर्षांचा मुलगा लपून बसला होता. सगळे हसले, त्याला बाहेर काढून आजीच्या मांडीजवळ बसवले, आणि मगच गाडी सोलापूरच्या दिशेने निघाली.